शिकागोचा आरसा आणि पुसून टाकलेले ७४४ मीटर सांधे

शिकागोच्या एका बागेतल्या शिल्पाच्या खर्चाचा अंदाज होता ६० लाख डॉलरचा. २००४ साली बाग लोकांसाठी उघडली तेव्हा आकडा १ कोटी १५ लाखांवर पोचला होता, आणि २००६ मध्ये शिल्पाचं रीतसर अनावरण झालं तेव्हा तो २ कोटी ३० लाख झाला होता. वजनाचंही तसंच. सुमारे ५५ टन धरलेलं शिल्प प्रत्यक्षात १०० टनांच्या घरात गेलं. सरकारी कामात खर्च असा चौपट झाला की आपण डोळे मिचकावून एकमेकांकडे पाहतो. इथे तसं करून भागणार नाही, कारण या शिल्पाचा सगळा पैसा व्यक्ती आणि कंपन्यांच्या देणग्यांतून आला होता. करदात्याचा एक डॉलरही त्यात नव्हता. देणाऱ्यांनी तो डोळे उघडे ठेवून दिला आणि काम अर्ध्यावर सोडलं नाही.

हे शिल्प म्हणजे शिकागोच्या मिलेनियम पार्कमधलं अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’. शिकागोकर त्याला ‘द बीन’ म्हणतात. २० मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच असा स्टेनलेस स्टीलचा आरसा, आणि खालून माणसं जाऊ शकतील अशी सुमारे साडेतीन मीटर उंचीची कमान. कपूर यांचा जन्म मुंबईचा, १९५४ सालचा. पुढचं सगळं काम लंडनमधून झालं असलं तरी मराठी वाचकांपैकी काहींनी त्यांची कामं २०१०च्या हिवाळ्यात वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पाहिली असतील.

‘क्लाउड गेट’वर लिहिताना बहुतेक जण प्रतिबिंबांबद्दल लिहितात. मला त्यातल्या फॅब्रिकेशनमध्ये जास्त रस आहे. संगणक, स्कॅनर, रोबो, प्लाझ्मा वेल्डिंग अशी सगळी आधुनिक यंत्रसामग्री असूनही अंदाज एवढा चुकला कसा, हे या प्रकरणातून फार स्वच्छ दिसतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आकार घडवायला काय लागेल याचा हिशेब बऱ्यापैकी झाला होता. घडवल्याच्या खुणा पुसायला काय लागेल, याचा झाला नव्हता.

मागणी काय होती

मिलेनियम पार्क हा रेल्वेच्या यार्डावर आणि वाहनतळावर छत घालून केलेला प्रकल्प. नावाप्रमाणे २००० साली व्हायचा होता, झाला २००४ च्या जुलैमध्ये. खर्चाचं गणित १५ कोटी डॉलरवरून सुमारे ४७.५ कोटींवर गेलं. वास्तुकार फ्रँक गेहरींचा संगीत मंडप आणि शिल्पकार जाउमे प्लेन्सांचं कारंजं तिथलंच. तेव्हा शिल्प एकटंच लांबलं असं नाही, ते लांबलेल्या घरातच जन्मलं.

१९९९ मध्ये बागेच्या समितीपुढे दोन कलावंतांचे प्रस्ताव होते. जेफ कून्स यांनी दीडशे फूट उंचीची घसरगुंडी सुचवली होती. कपूर यांनी पाऱ्याच्या थेंबासारखा एक आकार मांडला. समितीने दुसरा निवडला. कपूर यांची अट एकच होती, आणि ती कलेची वाटली तरी खरं तर उत्पादनाची होती: सांधा दिसता कामा नये. पाऱ्याला शिवण नसते, म्हणून यालाही नको.

या एका वाक्याचं वजन किती, ते समजायला थोडी भूमिती लागते. सपाट आरशावर प्रकाश पडला की जितका आरसा कलतो त्याच्या दुप्पट कोनात परावर्तित किरण वळतो. समजा, सांध्यापाशी १०० मिलिमीटर अंतरात एक मिलिमीटरचा नको असलेला उतार राहिला. रंगवलेल्या पत्र्यावर तो कुणाला दिसणारही नाही. पण आरशासमोर ३०० मीटरवर एखादी उंच इमारत असेल, तर त्या चुकीमुळे तिच्या प्रतिबिंबातला तो भाग सुमारे सहा मीटर हलतो. म्हणजे दोन मजले जागचे सरकतात. आणि शिकागोच्या मिशिगन अॅव्हेन्यूवर समोर इमारतींशिवाय काय आहे? सरळ, उभ्या, ताठ रेषांची रांग. पृष्ठभागावरचा प्रत्येक पोचा आणि प्रत्येक लाट त्या रेषा वाकवून दाखवणार. गाड्यांच्या बॉडीशॉपमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ पडतं का हे पाहून पत्रा तपासतात. इथे तपासणीला अख्खं शहर उभं होतं, आणि ते कायमचं.

सांधे लपवायला जागा असते तेव्हा गोष्ट निराळी असते. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी घडवलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घ्या. तिथेही आधुनिक तंत्र होतं. छोट्या प्रतिकृतीचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं, संगणकात ती वाढवली गेली, काही हजार कांस्य-पट्ट चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले आणि लोखंडी सांगाड्यावर बसवले गेले. पण धोतराच्या निऱ्या, शालीच्या चुण्या, कांस्याचा मंद रंग हे सगळं शिल्पकाराच्या आणि अभियंत्याच्या मदतीला असतं. चुणीत सांधा गेला की गेला. पाऱ्याच्या थेंबाला चुणी नसते.

प्लेट वळवायची कशी

कपूर यांच्या आकाराला इंजिनिअरिंगचं रूप देण्यात लंडनच्या एअरोट्रोप कंपनीचे ख्रिस्तोफर हॉर्न्झी-जोन्स यांचा वाटा मोठा. फॅब्रिकेशनचं काम कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या परफॉर्मन्स स्ट्रक्चर्स या कंपनीकडे गेलं. हाती आलेला आकार संगणकातल्या त्रिमितीय मॉडेलच्या रूपात होता, आणि तो १६८ तुकड्यांत वाटला गेला.

तुकडा म्हटला तरी तो पत्रा नव्हे. जाडी सुमारे १० मिलिमीटर. स्टेनलेसची एवढी जाड प्लेट चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास भरते, आणि एकेका तुकड्याचं वजन ४५० ते ९०० किलो होतं. पातळ पत्रा घेतला असता तर काम हलकं आणि स्वस्त झालं असतं, पण पातळ पत्रा लहरतो. आतून जिथे आधार दिला तिथे बाहेर त्याचा ठसा उमटतो. जाडी वाढवणं हा आरशाचाच हट्ट होता, आणि वजनाचा अंदाज ५५ वरून १०० टनांवर जाण्याचं मूळही तिथेच आहे. हवा तो गुळगुळीतपणा यायला किती जाडी लागेल हे प्रत्यक्ष प्लेट घडवून पाहिल्याखेरीज सांगणं अवघडच होतं.

मग प्लेटला दोन्ही दिशांनी बाक द्यायचा. एका दिशेचा बाक सोपा, रोलिंग मशीनमधून प्लेट काढली की नळकांडं तयार. पण चेंडूला कागद गुंडाळून पाहावा, कुठेतरी सुरकुती पडतेच. दोन्ही दिशांनी वळायचं तर धातू जागोजाग ताणावा लागतो. त्यासाठी ऑकलंडच्या कारखान्यात इंग्लिश व्हील वापरलं. हे जुनं यंत्र आहे, मोटारींच्या आणि विमानांच्या पत्र्यासाठी वापरलं जाणारं: वर सपाट चाक, खाली किंचित गोलाई असलेलं चाक, आणि दोहोंच्या दाबात धातू मागे-पुढे फिरवत तो हळूहळू ताणायचा. इथे फरक एवढाच की हे काम संगणक आणि रोबोच्या आधाराने चाललं होतं. वळवलेली प्लेट रोबोच्या हातावरच्या स्कॅनरने तपासली जाई, संगणकातल्या मॉडेलशी ताडून पाहिली जाई, आणि जिथे धातू कमी ताणला गेला असेल तिथे ती पुन्हा चाकाखाली जाई.

मला यातली विशेष गोष्ट वाटते ती ही. संगणकाने इथे नवीन हत्यार आणलं नाही. त्याने जुन्या हत्याराला डोळे दिले. कुशल कारागीर हाताने पत्रा वळवताना नजरेवर आणि तळहातावर अवलंबून असतो, आणि एका पत्र्यापुरतं ते पुरतं. पण १६८ वेगवेगळे तुकडे, प्रत्येकाचा बाक निराळा, आणि शेजारच्याशी कडा तंतोतंत जुळल्याच पाहिजेत, हे नजरेचं काम नाही. आणि जुळल्या. शिकागोत उचलून बसवताना एकही प्लेट कापावी किंवा कानसावी लागली नाही. शेकडो किलोंच्या वक्र प्लेटच्या बाबतीत ही काय चीज आहे, ते ज्यांनी साध्या जिन्याचं रेलिंग साइटवर ‘बसता बसत नाही’ म्हणून पुन्हा कापून घेतलेलं आहे त्यांना सांगायला नको.

आतल्या बाजूने प्रत्येक प्लेटला थोडा ताठपणा यावा म्हणून पट्ट्या वेल्ड केल्या. बाहेरच्या बाजूला कारखान्यातच पॉलिश केलं, अंतिम चमकेच्या ९८ टक्के. वर पांढरी फिल्म चिकटवली आणि माल रवाना.

उरलेल्या दोन टक्क्यांची कहाणी पुढे येते.

जहाज की ट्रक

आधीचा बेत वेगळाच होता. सगळं शिल्प ऑकलंडमध्येच जोडायचं, आणि अख्खंच्या अख्खं जहाजावर चढवून पनामा कालव्यातून, अटलांटिकला वळसा घालून, सेंट लॉरेन्सच्या जलमार्गाने मिशिगन सरोवरात आणायचं. ऐकायला कवितेसारखं आहे. कारखान्याच्या दृष्टीने त्यात तथ्यही होतं: छपराखाली, ठरावीक तापमानात, सगळी हत्यारं हाताशी असताना सांधे वेल्ड आणि पॉलिश करता आले असते. पण वाटेत एक धक्का, एक घसट, आणि शंभर टनांचा आरसा वाया. जोखीम फार मोठी ठरली आणि बेत सोडून दिला. प्लेट ट्रकांनी आल्या आणि जोडणी बागेतच झाली. ती जबाबदारी शिकागोजवळच्या एमटीएच इंडस्ट्रीजकडे होती.

निर्णय बरोबरच होता असं माझं मत आहे, पण त्याची किंमत अंदाजपत्रकात नीट उतरली नसावी. कारखान्यात व्हायचं सर्वांत नाजूक काम त्यामुळे उघड्यावर आलं, शिकागोच्या वाऱ्यात आणि थंडीत, तंबूच्या कापडाखाली.

पोटात काय आहे

बागेतलं काम २००४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, तेव्हा पहिल्यांदा दोन मोठी स्टेनलेसची कडी बसवली गेली. ३०४ ग्रेड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांचाच वर्ग, साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. कड्यांच्या मध्ये आडव्या-तिडव्या पाइपांचे ट्रस, म्हणजे आधाराचे सांगाडे, उभे केले. गंमत म्हणजे हे ट्रस फक्त बांधकामापुरते होते. कवच पूर्ण झाल्यावर ते काढले गेले. आज शिल्पाचं पोट जवळजवळ मोकळं आहे, भार कवच स्वतःच वाहतं आणि कड्यांमार्फत खाली देतं.

दोन्ही कडी एकमेकांपासून स्वतंत्र हलू शकतात, आणि कवच कड्यांपासून. याचं कारण हवामान. शिकागोत हिवाळ्यात पारा उणे २०च्या खाली जातो, उन्हाळ्यात उन्हात तापलेलं स्टील पन्नाशी गाठतं. ३०४ स्टील अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. २० मीटर लांबीत, ७० अंशांच्या फरकाला, ही वाढ दोन सेंटिमीटरहून जास्त भरते. आतला सांगाडा कवचाला घट्ट धरून बसला असता तर दर ऋतूत कुठेतरी कवचावर पोचा उठला असता. आधार असा हवा होता की तो वजन घेईल पण वाट अडवणार नाही.

आता खालचं. शिल्प उभं आहे एका रेस्टॉरंटच्या छतावर, त्याखाली वाहनतळ, शेजारी मेट्रा या उपनगरी रेल्वेचे रूळ. रूळ आणि वाहनतळ यांच्यामधली जी मोठी भिंत आहे तीच शिल्पाचा बराच भार घेते. वजन जवळपास दुप्पट झाल्यावर ती भिंत आणि वाहनतळाचा पाया दोन्ही जास्तीचे आधार देऊन मजबूत करावे लागले. शिल्पाच्या आतले भाग ते उभं आहे त्या चौकाखालच्या तुळयांना टाय-रॉडने, म्हणजे ताण पेलणाऱ्या सळ्यांनी, बांधले आहेत. वरच्या एका प्लेटची जाडी ठरली की तीन मजले खालच्या भिंतीपर्यंत त्याचे पडसाद जातात ते असे. कलाकृतीचा खर्च आणि इमारतीचा खर्च वेगळ्या फायलींत ठेवले तरी भार एकाच भिंतीवर येतो.

कीहोल

१६८ प्लेट जोडल्या की सांध्यांची एकूण लांबी भरते ७४४ मीटर. पाऊण किलोमीटर वेल्डिंग, आणि तेही स्टेनलेसवर. स्टेनलेस उष्णता फार हळू वाहून नेतं. वेल्डची उष्णता जिथल्या तिथे साठते, धातू फुगतो, थंड होताना आक्रसतो आणि शेजारचा भाग ओढून घेतो. साध्या वेल्डिंगने दहा मिलिमीटरच्या प्लेट जोडायच्या तर कडा तासून खाच करावी लागते आणि एकावर एक थर भरावे लागतात. प्रत्येक थराबरोबर ओढ वाढते. आरशासाठी ती परवडणारी नव्हती.

म्हणून कीहोल वेल्डिंगची यंत्रं वापरली. यात प्लाझ्माचा, म्हणजे विजेने प्रचंड तापवलेल्या वायूचा, अतिशय केंद्रित झोत प्लेटच्या पूर्ण जाडीतून आरपार बारीक भोक पाडतो. यंत्र सांध्यावरून पुढे सरकतं तसं भोकही पुढे जातं आणि मागे वितळलेला धातू मिटत जातो. एकाच फेरीत पूर्ण जाडी जुळते, अरुंद पट्टी तापते, ओढ कमी. पण कडा जुळलेल्या हव्यात, फट असली तर झोत सांधा जोडण्याऐवजी खाऊन टाकतो. ऑकलंडमधल्या स्कॅनिंगचा काटेकोरपणा इथे कामी आला. ही साखळी लक्षात घेण्यासारखी आहे: स्कॅनर नसता तर कीहोल जमला नसता, कीहोल नसता तर पुढचं घासकाम कितीतरी पटींनी वाढलं असतं.

अर्धवट उघडलेलं शिल्प

१५ जुलै २००४ ला शिल्प पूर्ण उभं होतं, पण पूर्ण झालं नव्हतं. सांधे पॉलिश व्हायचे होते. उद्घाटनासाठी तंबू काढला आणि लोकांना दिसला तो शिवणींच्या जाळीने भरलेला आरसा. कपूर यावर नाखूष होते, आणि त्यांची बाजू समजते. ज्या एका अटीवर सगळं उभं होतं तीच लोकांसमोर मोडलेली.

जुलैअखेर पुन्हा तंबू घालून पॉलिश सुरू करायचं ठरलं होतं. पण लोकांनी शिल्प असं उचलून धरलं की बागेच्या अधिकाऱ्यांनी ते कित्येक महिने उघडंच ठेवलं. तंबू परत चढला तो जानेवारी २००५ मध्ये.

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. शिवणींसकट शिल्प लोकांना आवडलंच होतं. मग पुढचे महिने आणि पुढचे पैसे कशासाठी? एखाद्या हिशेबनिसाने तेव्हाच काम थांबवा म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढता आलं नसतं. मी कपूर यांच्या बाजूने आहे, पण ‘परिपूर्णता’ वगैरे कारणाने नाही. शिवणी असताना डोळा आधी प्लेट पाहतो, म्हणजे वस्तू कशी बनली ते पाहतो, आणि आकाराचं माप लगेच कळतं. शिवण गेली की वस्तू नेमकी किती मोठी, पृष्ठभाग नेमका कुठे, हे कळेनासं होतं. हे शिल्प त्या न कळण्यावरच चालतं. शिवणींसकट उरलं असतं तर ती छान जोडलेली एक टाकी झाली असती.

घासणं

जानेवारी २००५ पासून लोखंडकाम करणाऱ्यांच्या स्थानिक संघटनेचे, लोकल ६३ चे, २४ कामगार त्या सांध्यांवर होते. भोवती सहा मजली पहाड, म्हणजे परांची. जिथे पहाड पोचत नव्हता तिथे गिर्यारोहकांसारखे दोर आणि पट्टे बांधून लटकत काम.

प्रत्येक सांधा पाच टप्प्यांतून गेला. घासपट्टीचा नंबर जितका मोठा, तितके तिचे कण बारीक. आधी साडेचार इंची इलेक्ट्रिक ग्राइंडर आणि ४० नंबर, म्हणजे वेल्डची वर आलेली वरंबी उतरवणं. मग हवेवर चालणारा दोन इंची पट्ट्याचा, सात किलोंच्या आसपास वजनाचा ग्राइंडर, ८०, १००, १२० नंबर. तिसऱ्या टप्प्यात एक इंची पट्टा, ८० पासून ४०० पर्यंत. चौथ्यात सँडरवर ४००, ६००, ८०० नंबर, बारीक ओरखडे काढायला. शेवटी दहा इंची बफिंग व्हील आणि रूज, म्हणजे सोनारकामात वापरतात ते पॉलिशचं द्रव्य.

वर्कशॉपमधल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. भोसरीत किंवा अंबडमध्ये मिरर फिनिशचं रेलिंग करणारेही पेपरचे नंबर चढवतच जातात. फरक तिसऱ्या टप्प्यात आहे, आणि त्या टप्प्याला तिथल्या लोकांनी शिल्पकामच म्हटलं होतं. चमक आणणं हे एक काम, आकार सांभाळणं हे दुसरं. वेल्ड थोडा जास्त घासला गेला तर तिथे खळगा होतो, आणि घासलेला धातू परत भरता येत नाही. खळगा नाहीसा करायचा एकच मार्ग, आजूबाजूचा भाग तेवढाच उतरवत नेऊन तो फुटा-दोन फुटांत विरवून टाकणं. कुठे थांबायचं हे सांगणारा स्कॅनर त्या पहाडावर नव्हता. होता तो हात, आणि समोरच्या धातूत दिसणारं स्वतःचंच वाकडं-तिकडं प्रतिबिंब. ७४४ मीटर, सात किलोंचं यंत्र, काही ठिकाणी डोक्यावर धरून.

वरचा भाग आणि बाजू ऑगस्ट २००५ मध्ये झाल्या आणि तंबू निघाला. राहिली आतली नाभी, कमानीखालची ती वर जाणारी पोकळी, जमिनीपासून सव्वाआठ मीटर उंच. ऑक्टोबरच्या ३ तारखेला ती बंद करून शेवटचं पॉलिश सुरू झालं. तिथे बाक सगळ्यांत तीव्र आणि प्रतिबिंबं एकमेकांत गुंतलेली, म्हणजे चूक पकडणं सगळ्यांत कठीण. १५ मे २००६ ला अनावरण झालं.

हिशेब पुन्हा एकदा

शिल्प उभं राहिलं तेव्हाचा आकडा १ कोटी १५ लाख. शेवटचा २ कोटी ३० लाख. ही सगळी वाढ घासण्यावरच गेली असं म्हणणं चूक ठरेल, कारण आधीच्या कामांची बिलंही उशिरा चुकती होतात. पण आकार उभा झाल्यावर मोठं म्हणावं असं काम एकच शिल्लक होतं. कारखान्यातलं ९८ टक्के पॉलिश मी वर सांगितलं. ते ९८ टक्के प्लेटच्या पृष्ठभागाचे होते. पाहणाऱ्याच्या डोळ्याला मात्र उरलेले दोन टक्के, म्हणजे सांधे, आधी दिसतात. अंदाजपत्रक क्षेत्रफळावर काढलं की सांधा ही एक बारीक रेष असते. खर्च मात्र त्या रेषेवरच बसला.

काही भीती निराधारही ठरल्या, तेही नोंदवायला हवं. शिल्प बर्फाळ हवेत इतकं गार पडेल की माणसांची जीभ चिकटेल, उन्हाळ्यात पोळेल, पक्षी घाण करतील, कुणी काहीबाही कोरेल, अशा शंका सुरुवातीला होत्या. आज खालचा १.८ मीटरचा पट्टा, जिथे लाखो हात लागतात, दिवसातून दोनदा हाताने पुसला जातो. वर्षातून दोनदा पूर्ण शिल्प धुतलं जातं, सुमारे दीडशे लिटर द्रव डिटर्जंट वापरून, घरी कपड्यांना वापरतात तसंच. करारात आयुष्य १,००० वर्षांचं धरलं आहे. स्टीलच्या बाबतीत हे अशक्य नाही, पुसणारे मिळत राहिले पाहिजेत.

बनवलं कुणी

अनावरणाच्या बातम्यांत नाव कपूर यांचं. ते रास्तच आहे, कल्पना त्यांची, अट त्यांची, आणि ती न सोडण्याचा हट्ट त्यांचा. त्यांनी एकाही प्लेटला हात लावला नाही हा आक्षेप मला पोकळ वाटतो. देवळाच्या स्थपतीनेही प्रत्येक दगड स्वतः फोडलेला नसतो. २००१ मध्ये नॉटिंगहॅमला बसवलेला त्यांचाच ‘स्काय मिरर’, सहा मीटर व्यासाची स्टेनलेसची तबकडी, फिनलंडमध्ये घडली होती.

पण उलट बाजूने पाहिलं तर एक गोष्ट खटकते. या शिल्पातलं सर्वांत दुर्मीळ कौशल्य त्या २४ जणांच्या मनगटात होतं आणि त्यांच्या यशाचं माप हे की त्यांचं काम कुणालाही दिसू नये. कारागिराचा ठसा पुसण्यासाठी कारागिरालाच नेमलं. नाव मात्र कलावंताचं राहतं.

२०१५ मध्ये चीनच्या शिनजियांगमधल्या करामाय शहरात जवळपास असाच एक चकचकीत बुडबुडा उभा राहिला, आणि कपूर यांनी खटल्याची भाषा केली. तिथल्या लोकांचं म्हणणं होतं की तो तेलाचा बुडबुडा आहे, करामाय हे तेलाचं शहर. वादाचं काय व्हायचं ते होवो. मला त्यात दिसतं ते हे, की दहा वर्षांत हे तंत्र एका कारखान्याची मक्तेदारी राहिलं नव्हतं. हक्क सांगायला आकार तेवढा उरला होता.

न्यूयॉर्कमधला धाकटा भाऊ

कपूर यांनी याच कुळातलं आणखी एक शिल्प केलं, न्यूयॉर्कमध्ये, ५६ लिओनार्ड स्ट्रीट या उंच निवासी मनोऱ्याच्या पायथ्याशी. सुमारे साडेचौदा मीटर लांब, पावणेसहा मीटर उंच, वजन ४० टनांच्या आसपास. इमारतीच्या कोपऱ्याखाली दबलेलं, जणू तिने त्यावर बूड टेकलं आहे. कोविडच्या काळात काम रखडलं, २०२३ च्या सुरुवातीला पुरं झालं.

इथे सांधे वेल्ड करून पुसलेले नाहीत. ३८ तुकडे एकमेकांना इतके नेमके टेकवले आहेत की मध्ये केसाएवढी रेष उरते. जवळ गेलं की ती रेष दिसते. रस्त्याच्या कडेला, वर लोक राहत असताना, वर्षभर तंबू ठोकून पहाडावर ग्राइंडर चालवणं शक्यच नव्हतं, हे एक कारण उघड आहे. दुसरं असं की दोन दशकांत मशीनिंग इतकं सुधारलं की ती रेष ही तडजोड करण्याइतकी बारीक झाली.

शिकागोच्या वेळी हा पर्याय असता तर कपूर यांनी तो स्वीकारला असता का? मला नाही वाटत. मोकळ्या बागेत, चहूबाजूंनी पाहता येणाऱ्या शिल्पात ती रेष डोळ्यात खुपली असती. न्यूयॉर्कचं शिल्प अर्धं इमारतीखाली आहे आणि लोक त्याच्याजवळून फुटपाथवरून घाईने जातात. जागा बदलली तशी अट सैल झाली. आपल्याकडे महापालिका आणि संस्था आता चौकाचौकांत स्टेनलेसची शिल्पं मागवू लागल्या आहेत, आणि त्यांच्या बातम्यांत उंची आणि धातूचं वजन तेवढं येतं. निविदेत आणखी एक ओळ घालायला हवी: सांधा किती अंतरावरून दिसलेला चालेल, पाच फुटांवरून की पन्नास. फॅब्रिकेटरने दर त्या ओळीवर द्यावा, टनावर नव्हे.